एकोणचाळिसावी पिन

आमच्या घरातल्या असेंबल्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर दोन दिवे होते. एक हिरवा, तो नुसता लागलेला असायचा. दुसरा लाल, तो लुकलुकायचा. गेम लोड होता होता माउस गोठला की आम्ही भावंडं स्क्रीनकडे बघायचोच नाही, त्या लाल दिव्याकडे बघायचो. लुकलुकतोय? मग थांबा, आत काम चालू आहे. लुकलुक बंद आणि स्क्रीनही ढिम्म? मग हँग. पॉवरचं बटण दाबून धरा. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता त्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

15 नोव्हेंबर 2001 रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक्सबॉक्स विकायला काढला. सुरुवातीपासून पोटातच हार्ड डिस्क घेऊन आलेला हा पहिला मोठा गेमिंग कन्सोल. डिस्क होती, पण तिचा दिवा नव्हता. ही गोष्ट त्या न लावलेल्या दिव्याची, आणि ज्यांनी स्क्रू काढून तो स्वतःच्या हाताने लावला त्यांची.

आधी दिव्याचं थोडंसं. 1950-60च्या दशकांतल्या मोठ्या कॉम्प्युटरांच्या तोंडावर दिव्यांच्या रांगाच्या रांगा असायच्या, आणि त्या शोभेसाठी नव्हत्या. आतल्या रजिस्टरमध्ये या क्षणी कोणता आकडा आहे हे ऑपरेटरला दिसावं म्हणून त्या होत्या. मशीन अडकलं की दिव्यांची नक्षी बघून कुठे अडकलं ते कळायचं. 1962 साली निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला आणि पुढे हे दिवे स्वस्त आणि टिकाऊ झाले. 1983च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क आली. तेव्हाच्या डिस्कचं तोंड कॅबिनेटच्या बाहेर दिसायचं आणि दिवा त्या तोंडावरच असायचा. पुढे डिस्क लहान होत आत गेली, पण दिवा आत जाऊ दिला नाही. दोन बारीक वायरी ओढून तो पुढच्या बाजूला आणला गेला. मशीन काय करतंय हे मालकाला दिसलं पाहिजे, ही त्या दोन वायरींमागची समजूत.

आता एक्सबॉक्स उघडून बघू. 733 मेगाहर्ट्‌झचा, पेंटियम थ्रीच्या घराण्यातला इंटेल प्रोसेसर. एनव्हीडियाची ग्राफिक्स चिप. 64 एमबी रॅम. सीगेट किंवा वेस्टर्न डिजिटलची 8-10 जीबीची डिस्क, आणि ती जोडायला तीच चपटी करडी आयडीई केबल जी आमच्या असेंबल्ड पीसीत होती. म्हणजे आतून हा कॉम्प्युटरच, फक्त काळा डगला घातलेला. पण तो टेबलावर नाही, हॉलमध्ये टीव्हीखाली बसणार होता. टीव्हीखालच्या वस्तूने 'मी काम करतेय' असं सांगत बसायचं नसतं, असा काहीसा विचार असावा. हा माझा अंदाज. पुढे एकच दिवा ठेवला होता, डीव्हीडीचा ट्रे उघडणाऱ्या बटणाभोवतीची कडी. ठीक असेल तर हिरवी. बिनसलं तर लाल-हिरवी लुकलुक. या कडीचा डिस्कशी काहीही संबंध नव्हता. तिला चालवणारी छोटी चिप वेगळीच होती.

मजा अशी की दिवा नव्हता, तरी दिव्याची वायर होती. आयडीई केबलमध्ये 40 पिना असतात आणि त्यातली 39वी मानकानुसार दोन कामं करते. मशीन सुरू होताना दुसऱ्या क्रमांकाचं उपकरण या वायरवरून 'मी हजर आहे' असं कळवतं. ती हजेरी संपली की वायर मोकळी होते, आणि पुढे डिस्क वाचत किंवा लिहीत असते तेव्हा तेव्हा तिच्यावर खूण उमटते. एक्सबॉक्सच्या केबलमध्येही ही पिन होतीच. खूण उमटत होती, बघायला कुणी नव्हतं.

ज्यांना बघायचं होतं त्यांनी काय केलं? कन्सोल उलटा केला. टी-20 मापाचे सहा स्क्रू, पैकी चार रबरी पायांखाली आणि दोन स्टिकरांखाली. स्टिकर फाटला की वॉरंटी गेली. मग डिस्कला वीज पुरवणाऱ्या लाल वायरमधून 5 व्होल्ट घ्यायचे. त्यापुढे 330 ओहमचा रेझिस्टर, मग एलईडी, आणि एलईडीचं दुसरं टोक 39व्या पिनला. इथे नवशिके हमखास चुकतात. त्यांना वाटतं, पिन वीज देते आणि दिवा पेटतो. तसं नाही. डिस्क काम करताना ही पिन जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढते. वीज आपण द्यायची, डिस्क तिला फक्त वाट करून देते. म्हणून दिवा उलटा जोडल्यासारखा दिसतो. हिशोब सोपा आहे: लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, उरलेले 3 व्होल्ट भागिले 330, म्हणजे जेमतेम 9 मिलिअँपिअर. पिनला ते पेलवतात. रेझिस्टर न लावता थेट जोडलं तर एलईडी जाईल, किंवा डिस्कच्या बोर्डावरचं काहीतरी.

एक भोक, दोन सोल्डर, काही रुपयांचा माल. पण हा दिवा लागेपर्यंत त्या डब्याभोवती केवढं रामायण घडलं होतं बघा.

मायक्रोसॉफ्टने ती डिस्क कुलूपबंद केली होती. प्रत्येक एक्सबॉक्सच्या बोर्डवरच्या एका इवल्या मेमरी चिपमध्ये किल्ली, आणि त्या किल्लीतून तयार होणारा पासवर्ड दिल्याशिवाय डिस्क एक अक्षर वाचू द्यायची नाही. कन्सोल तोट्यात विकायचा आणि गेमवर कमवायचं, असा हा धंदा. त्यामुळे डब्यात परवानगीशिवाय दुसरं काही चालता कामा नये. अँड्र्यू 'बनी' हुआंग तेव्हा एमआयटीत पीएचडी करत होता. त्याने बोर्डवरच्या दोन मुख्य चिपांमधल्या तारांवर स्वतः बनवलेलं सर्किट बसवलं आणि कन्सोल सुरू होतानाच्या क्षणी त्यांच्यातलं बोलणं चोरून ऐकलं. त्यातून सुरुवातीच्या कोडची गुप्त किल्ली निघाली. मे 2002मध्ये त्याने त्यावर एमआयटीच्या एआय लॅबचा निबंध लिहिला.

अमेरिकेत 1998 पासून डीएमसीए नावाचा कायदा आहे. डिजिटल कुलूप तोडणं हाच त्यात गुन्हा, मग डबा तुम्ही पैसे मोजून आणलेला का असेना. एमआयटीच्या वकिलांनी बनीच्या कामापासून हात झटकले. त्याने पुस्तक लिहिलं, 'हॅकिंग द एक्सबॉक्स'. वाइली या मोठ्या प्रकाशकाने कायद्याच्या भीतीने ते सोडून दिलं. मग आधी स्वतःच्या खर्चाने आणि पुढे 2003मध्ये नो स्टार्च प्रेसतर्फे ते आलं.

या पुस्तकात कुलूप तोडायच्या कितीतरी आधी, तिसऱ्या प्रकरणात काय आहे? एक्सबॉक्सला निळा एलईडी बसवणे. सोल्डरिंग शिकायचा पहिला धडा म्हणून. निळा का, तर तेव्हा निळ्याचं अप्रूप होतं. लाल एलईडीनंतर झगझगीत निळा यायला तीस वर्षं लागली. शुजी नाकामुरा यांनी तो 1993च्या सुमारास निचिया कंपनीत साधला, आणि आकासाकी व अमानो यांच्यासह 2014चं नोबेल मिळवलं. 2002मध्ये एखाद्या वस्तूवर निळा दिवा म्हणजे भविष्यकाळ. आज राउटरपासून मच्छर मारायच्या मशीनपर्यंत सगळीकडे तोच असतो आणि रात्री त्याच्यावर चिकटपट्टी लावावी लागते, ते सोडा. मला त्या प्रकरणाचं स्थान महत्त्वाचं वाटतं. ज्या डब्यावरून वकील बोलत होते, त्याच्यावर वाचकाने पहिला हात टाकायचा तो किल्लीवर नाही, दिव्यावर.

कुलूप सुटल्यावर लोकांनी त्या डब्याचं बरंच काही केलं. मोठ्या डिस्का घातल्या, लिनक्स चालवलं, आणि गाणी-सिनेमे लावणारा एक प्लेयर लिहिला, जो पुढे एक्सबीएमसी आणि 2014पासून 'कोडी' झाला. तुमच्यापैकी काहींच्या टीव्हीवर तो असेलही. आता डिस्कच्या दिव्याची खरी गरज पडू लागली. नेटवर्कवरून काही जीबी कॉपी होतायत, पडदा स्तब्ध आहे. काम चालू आहे की मेलं? कुलूप उघडायची एक युक्ती तर अशी होती, की कन्सोल सुरू करून डिस्क उघडू द्यायची आणि चालू विजेवरच तिची केबल उपसून पीसीला लावायची. डिस्क लिहीत असताना ती उपसली तर संपलंच. अशा वेळी तो 9 मिलिअँपिअरचा दिवा म्हणजे नाडीवर ठेवलेलं बोट.

भारतात हा पहिला एक्सबॉक्स अधिकृतपणे आलाच नाही. आपल्याकडे सप्टेंबर 2006मध्ये आला तो त्याच्यापुढचा, एक्सबॉक्स 360. त्याच्या पुढच्या बाजूला चार भागांची झोकदार दिव्यांची कडी. पण डिस्कचा दिवा याही वेळी नाही. ही कडी जगभर प्रसिद्ध झाली ती तीन भाग लाल होऊन, 'रेड रिंग ऑफ डेथ' म्हणून. जुलै 2007मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षं करावी लागली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. मशीन जिवंत असताना आत काय चाललंय हे सांगायला दिवा नाही, मेल्याचं सांगायला मात्र तीन. सोनीच्या प्लेस्टेशन 3च्या तोंडावर त्याच सुमारास डिस्कचा छोटा दिवा होता. म्हणजे कन्सोलवर तो शोभत नाही, हे काही खरं नव्हतं.

दुसरी बाजूही आहे. 2017मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की व्हायरस शिरलेल्या कॉम्प्युटरचा डिस्कचा दिवा हवा तसा लुकलुकवून त्यातून माहिती बाहेर पाठवता येते. खिडकीबाहेरच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यालाही ती टिपता येते. दिवा बघणाऱ्याला ओळखत नाही.

2013मध्ये बनी आणि नो स्टार्चने ते पुस्तक सगळ्यांना फुकट खुलं केलं, त्या जानेवारीत गेलेल्या ॲरन स्वार्ट्‌झच्या स्मरणार्थ. निळ्या दिव्याचं प्रकरण त्यात जसंच्या तसं आहे. फिरती डिस्क मात्र कन्सोलमधून गेली. 2020च्या एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये बोटाएवढी एसएसडी आहे, जिचा आवाजही येत नाही. आवाज होता तेव्हा निदान कान लावून कळायचं. तुमच्या हातातल्या फोनवर कॅमेरा किंवा माइक चालू झाला की कोपऱ्यात रंगीत ठिपका दिसतो; आयफोनवर तो 2020मध्ये आला, अँड्रॉइडवर 2021मध्ये. स्टोरेजसाठी तसा ठिपका नाही. एसएसडीच्या त्या बारीक कनेक्टरच्या मानकात दिव्यासाठी जागा अजूनही राखलेली आहे, पिन क्रमांक 10. बहुतेक ठिकाणी तिला पुढे काही जोडलेलं नसतं.