अ‍ॅस्पेनचा नकाशा आणि आपला रुपया

मंडळी, पडद्यावरचा हा नकाशा अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या अ‍ॅस्पेन गावाच्या खाणींचा. भूगर्भशास्त्रज्ञ जे. ई. स्पर यांच्या १८९८ च्या अहवालासोबतचा. आपण चोपड्याची माणसं रोज उत्तरेला सातपुडा बघतो, त्यामुळे समोच्च रेषा वाचायला आपल्याला अवघड नाही. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा! या उभ्या चढांवरून चांदीची माती खाली आणणं म्हणजे जिवावरचं काम होतं. स्पार गल्च नावाची घळ बघा, वर टूर्टेलॉट पार्कची खाणवस्ती बघा. आज याच उतारांवर लोक पैसे मोजून बर्फावरून घसरत येतात. नावंही तीच राहिली.

पण गाव मोडलं कशामुळे, हे नकाशात दिसत नाही. त्यासाठी आपल्याला मुंबईच्या टांकसाळीत यावं लागतं.

तोवर कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं, थोडी फी भरावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. २६ जून १८९३ ला सरकारने ती बंद केली. जगातलं चांदीचं एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं, भाव कोसळला. अमेरिकन सरकार कायद्याने दरमहा ४५ लाख औंस चांदी घेत होतं, तो कायदाही नोव्हेंबरात रद्द झाला. अ‍ॅस्पेन ओस पडत गेलं. हजारोंच्या गावात १९३० च्या सुमारास काहीशेच माणसं उरली. स्कीइंगची कंपनी आली ती १९४६ ला, आणि १९५० मध्ये तिथे जागतिक स्पर्धा झाल्या.

आता आपल्याकडे काय झालं? खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता, पूर्व-पश्चिम वाटणी १९०६ ची. रुपयाचं वजन एक तोळा. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातले तोडे-वाळे म्हणजे जवळजवळ रोकडच. टांकसाळ बंद झाल्यावर रुपया वर धरला गेला आणि चांदी खाली गेली. सारा मात्र रुपयातच भरायचा! हा रयतेवरचा छुपा कर आहे, अशी टीका दादाभाई नौरोजींनी केली, आणि आमच्या मते ती रास्त होती. सरकारची अडचण वेगळी होती: लंडनला द्यायचे पैसे सोन्यात, वसुली चांदीच्या रुपयात. पण त्याची किंमत शेतकऱ्याने का मोजायची?

सहा वर्षांनी, १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. दागिना विकायला काढला, तर तोळे तेवढेच भरत होते, रुपये मात्र बरेच कमी मिळत होते.