अंगणांतला मुलुख

दिवाळींत मातीचे किल्ले करण्याची रीत घरोघरीं आहे. पण प्रतापगडाकडे जाणारा घाट जेथून चढूं लागतो त्या पोलादपुरांत मुलांना नमुना शोधावा लागत नाहीं. तरीहि एका अंगणांत आम्हीं पाहिलेला किल्ला कोणत्याच नकाशांतला नव्हता! गडाला, नदीला, शत्रूलाहि मुलांनीं स्वतःचीं नांवें दिलीं होतीं. १६५९ सालीं ज्याच्या पायथ्याशीं अफझलखान पडला तो गड उशाशीं असतां हा कल्पित मुलुख कशाला, असें आमच्या इतिहासाध्यापकी मनास वाटलें.

तेवढ्यांत वाद पेटला. वेढा पडल्यावर शिबंदी पिणार काय, असें एकानें विचारलें. गडकर्त्यानें मुकाट्यानें करवंटी पुरून टांकें केलें. आधीं पाणी पाहून गड बांधावा, हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दंडक त्यांनीं खेळांतच गांठला. मोठ्यांचेंहि हेंच, १८२४ पासून प्रशियाचे सेनाधिकारी राइसविट्झच्या युद्धखेळांत नकाशावर लुटुपुटीच्या लढाया करीत, तेथेंहि नदी व टेंकडी सैन्याची चाल ठरवीत. जावळीच्या रानांत खानाची भारी फौज कां लंगडी पडली, हें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. पण खिंड किती रुंद असेल, असें एकाहि विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें नाहीं. येथें त्यावरून अर्धा तास हमरीतुमरी चालली. निकालापूर्वींच आंतून फराळाची हांक आली; वेढा तसाच राहिला.