हप्तेबंदी : जुनी रीत आणि आजचा बोध

गतवर्षी आमच्या परिचयातील एका ज्ञातिबांधवास मागील काही वर्षांच्या कराची अकस्मात मागणी आली. गृहस्थ सचोटीचा, परंतु एवढी रक्कम एकदम उभी करणे त्यास अशक्य होते. हप्ते मागावे तर चारचौघांत पत जाईल, या भीतीने त्याने नोटीस पेटीत ठेवून दिली. आणि मुदत टळल्यावर जबर व्याजाने कर्ज काढून भरणा केला. ही हकीकत ऐकून आम्हांस खेद झाला. ज्या गोष्टीची त्यास लाज वाटली, ती आपल्या वाडवडिलांच्या नित्य व्यवहारातील होती. तिचा थोडा इतिहास येथे द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

पेशवाईत गावचा वसूल पिकांच्या हंगामास अनुसरून हप्त्याहप्त्याने होत असे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात याचे वर्णन आहे. कुळे चावडीवर येत, पोतदार नाणे पारखी आणि कुलकर्णी पावती देई. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे. म्हणजे पहिल्या वर्षी सारा अल्प, पुढे दरसाल थोडा चढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. अर्थात तो काळ केवळ सुखाचा होता, असे आमचे म्हणणे नाही. एकसाली पट्टी, जास्ती पट्टी अशा अवचित पट्ट्याही बसत. आणि वसूल न देणाऱ्यास उन्हात उभे करणे, डोक्यावर धोंडा देणे, हे प्रकारही त्याच अहवालात नमूद आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत महाल मक्त्याने दिले जाऊ लागल्यावर तर सवलतीस फारसे स्थान उरले नाही.

इंग्रजी अमलात प्रिंगलसाहेबाची चढी आकारणी फसली. तदनंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी केली आणि तीस वर्षांसाठी दर बांधून दिले. दर पूर्वीपेक्षा हलके झाले, हे खरे. परंतु सारा रोख आणि ठरल्या तारखेस भरणे आले. पीक बुडो वा बाजार पडो, तारीख सहसा हलत नसे. म्हणून सरकारचा हप्ता सावकाराच्या पैशाने भरावयाचा आणि सावकारास खत लिहून द्यावयाचे, हा क्रम पडला. एका हप्त्याची अडचण अशी जन्माचे कर्ज होऊन बसे.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत भरली आणि १८६७ पासून इंदापूर व पुढे इतर तालुक्यांत फेरआकारणीने सारा वाढला. सावकारांनीही हात आखडला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. अशा दंग्यांत ठिकठिकाणी खते आणि वह्या हिसकावून जाळण्यात आल्या. केवळ सारा हेच त्याचे कारण नव्हे; तथापि वेळेस सवड नसणे, हे त्याच्या मुळाशी होतेच.

यानंतर १८७९ साली दोन कायदे झाले. दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ केलेल्या कायद्याने कर्जाचा हुकूमनामा हप्त्यांनी फेडू देण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. त्याच सालच्या मुंबई जमीन महसूल कायद्यात मात्र सारा वा त्याबद्दल जामीन मिळेपर्यंत पीक शेतातून हलवू न देण्याची तरतूद होती. सावकाराने थांबावे, सरकार मात्र सहसा थांबणार नाही, असा हा प्रकार! दुसऱ्याच्या येण्याविषयी उदार होणे सोपे असते, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. मागणीची नोटीस मिळाल्यापासून सामान्यतः तीस दिवसांत भरणा करावा, असे त्याने ठरविले. ती मुदत संपण्यापूर्वी करदात्याने अर्ज केल्यास अधिकाऱ्याने मुदत वाढवावी वा हप्ते बांधून द्यावे, अशी सोय ठेवली. मात्र व्याज चालू राहावे आणि एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम देय व्हावी, हेही त्यात घातले. यावरून दोन गोष्टी उघड होतात. मागणे ते मुदतीच्या आत मागावे. आणि पाळता येतील असेच हप्ते मागावे.

ज्ञातिबांधवहो, आपल्या पूर्वजांच्या जमिनी गेल्या त्या केवळ गरिबीने नव्हे. अडचण वेळीच उघड सांगण्याचा मार्ग त्यांस बहुधा मोकळा नव्हता, म्हणूनही गेल्या. तो मार्ग आज मोकळा आहे. अर्ज लिहिण्यात कमीपणा नाही; नोटीस पेटीत लपविण्यात मात्र घात आहे. ज्यास अर्ज लिहिता येत नसेल, त्यास आपल्यातील लिहित्या माणसाने तो लिहून द्यावा. ज्ञातिसेवेचा याहून सोपा प्रकार आम्हांस तरी ठाऊक नाही.