मुठा नदीकाठची पदभ्रमंती

मुठा नदीकाठची पदभ्रमंती म्हणजे पुणे शहरातील मुळा-मुठा संगमापासून मुठेच्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांपर्यंत केली जाणारी पायी वाटचाल होय. या मार्गाची शासकीय आखणी झालेली नाही. त्यावर दिशादर्शक फलक नाहीत आणि मुक्कामाच्या ठरीव जागाही नाहीत. घाटाच्या पायऱ्या, नदीपात्रातील रस्ता, कालव्याचा बांध, गावरस्ते आणि शेतांच्या कडेच्या पाऊलवाटा जोडून चालणाऱ्याने आपली वाट स्वतः करायची असते. संगमापासून खडकवासल्यापर्यंत अंदाजे वीस आणि तेथून पानशेतपर्यंत आणखी वीस-पंचवीस किलोमीटर अंतर पडते. टेमघरची वाट सांगरुणपासून वेगळी फुटते. संपूर्ण वाटचालीस साधारणतः तीन दिवस लागतात. बहुतेक लोक मात्र तिचे तुकडे पाडून, एकेका रविवारी एकेक टप्पा असे चालतात.

नदीच्या काठाने चालण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्यांत मराठी माणसांचे प्रमाण लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या उगमापासून लंडनपर्यंतचा सुमारे ३०० किलोमीटरचा पायमार्ग १९९६ मध्ये अधिकृतपणे खुला झाला. मुठेची लांबी या दोहोंच्या तुलनेत नगण्य आहे. परंतु एका मोठ्या शहराचे पिण्याचे पाणी कोठून येते आणि वापरल्यानंतर कोठे जाते, हे दोन-तीन दिवसांत पायी पाहता येईल अशा नद्या थोड्याच असतील.

नदी व तिचे खोरे

मुठा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, मुळशी तालुक्याच्या डोंगराळ भागात उगम पावते. टेमघर धरण याच नदीवर आहे. तिच्या दक्षिणेस मोसे नदीवर वरसगाव आणि आंबी नदीवर पानशेत ही धरणे आहेत. मोसे व आंबी या धरणांच्या खाली एकमेकींना मिळतात आणि पुढे सांगरुणच्या परिसरात मुठेला येऊन मिळतात. तेथूनच खडकवासला जलाशयाचा फुगवटा सुरू होतो. पुण्यात संगम पुलाजवळ मुठा मुळेला मिळते आणि मुळा-मुठा या जोडनावाने वाहत जाऊन रांजणगाव सांडस येथे भीमेत विलीन होते.

सारे खोरे दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा प्रदेश तयार झाला असल्याने डोंगरांना पायऱ्यांसारखे कडे आहेत. येथील धबधबे या रचनेतूनच निर्माण होतात. कठीण थराच्या कडेवरून पाणी खाली पडते, पुढच्या थरावर काही अंतर वाहते आणि पुन्हा पडते. जून ते सप्टेंबर या काळात टेमघर, वरसगाव आणि पानशेतच्या वरच्या अंगाला असे असंख्य धबधबे दिसतात. त्यांपैकी बहुतेकांना नाव नाही आणि दिवाळीनंतर त्यांची केवळ ओली रेघ खडकावर उरते. या खोऱ्यांच्या दक्षिणेस, राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातील केळद गावाजवळच्या मढे घाटातील धबधबा मात्र प्रसिद्ध आहे. तो मुठेच्या पाणलोटात येत नाही. तरीही अनेक जण पानशेतच्या सहलीला त्याची जोड देतात.

शहरातील टप्पा

संगमाकडून निघाल्यावर डेंगळे पूल, शिवाजी पूल (जुन्या पुणेकरांचा नवा पूल), ओंकारेश्वराचे मंदिर, बाबा भिडे पूल, लकडी पूल, म्हात्रे पूल आणि राजाराम पूल या क्रमाने वाट पुढे सरकते. ओंकारेश्वर हे पेशवेकालीन, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मंदिर आहे. लकडी पूल पानिपतच्या युद्धानंतर, १७६१ मध्ये लाकडाचा बांधला गेला. पुढे तो दगडी झाला, छत्रपती संभाजी महाराजांचे नाव त्याला मिळाले, तरी लोकांच्या तोंडी लाकूड टिकून राहिले. राजाराम पुलाजवळ विठ्ठलवाडीचे मंदिर असून आषाढी एकादशीला तेथे मोठी गर्दी होते.

हा टप्पा चालण्यास सोपा, पण नाकाला कठीण आहे. खडकवासला धरणातून पावसाळ्याखेरीज नदीत फारसे पाणी सोडले जात नाही; ते कालव्याने आणि बंद जलवाहिनीने शहराकडे व शेतीकडे वळवले जाते. त्यामुळे उन्हाळ्यात लकडी पुलाखाली जे वाहताना दिसते त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. पुणे महानगरपालिकेने नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठासाठी नदीकाठ सुधार प्रकल्प हाती घेतला असून मार्च २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. काठाने सलग चालण्याचा मार्ग हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. तोडली जाणारी झाडे, पात्राची घटणारी रुंदी आणि पुराचा वाढणारा धोका या मुद्द्यांवर पर्यावरण कार्यकर्त्यांनी त्यास विरोध केला आहे. हा वाद कागदावर समजून घेण्यापेक्षा बंडगार्डन ते म्हात्रे पूल हे अंतर एकदा चालून पाहिलेले बरे.

खडकवासला

खडकवासला धरणाचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षांनी पूर्ण झाले. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून त्या जलाशयास लेक फाइफ म्हणत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी रचलेले, पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये प्रथम येथेच बसवण्यात आले. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र हेही येथेच आहे. उत्तर काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर असल्याने तेथून पायी जाता येत नाही. म्हणून पानशेतकडे जाणारे दक्षिण काठाने गोऱ्हे, डोणजे फाटा, खानापूर, मालखेड, सोनापूर या मार्गाने जातात. डाव्या हाताला सिंहगड आणि उजव्या हाताला जलाशय अशी ही वाट आहे. धरणाजवळच्या चौपाटीवर भाजलेली कणसे आणि कांदाभजी यांची रेलचेल असते; सुट्टीच्या दिवशी तेथील वाहनांच्या रांगेपेक्षा चालणारा माणूस निश्चितच लवकर पुढे जातो.

धरणाच्या उजव्या कालव्याचा बांध हा शहराकडे परतण्याचा एक पर्याय आहे. हाच कालवा २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीजवळ जनता वसाहतीच्या भागात फुटला आणि दांडेकर पुलाच्या परिसरातील घरांत पाणी शिरले.

पानशेत, वरसगाव व टेमघर

पानशेतच्या जलाशयास तानाजीसागर आणि वरसगावच्या जलाशयास वीर बाजी पासलकर यांचे नाव आहे. बाजी पासलकर हे मोसे खोऱ्याचे देशमुख होते, त्यामुळे हे नाव त्याच खोऱ्यातील आहे. दोन्ही धरणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वरसगावच्या जलाशयाच्या वरच्या काठावर लवासा हे नियोजित गिरिनगर उभारण्यात आले. टेमघरकडे जाण्यासाठी सांगरुणहून मुठा खोऱ्यातील गावरस्ते आहेत; अनेक जण पिरंगुट, उरवडे, मुठा गाव हा सोयीचा मार्ग निवडतात. टेमघर धरणाच्या भिंतीतून होणारी मोठी गळती २०१६ मध्ये चर्चेत आली व त्यानंतर दुरुस्तीची कामे हाती घेण्यात आली.

चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. यांपैकी वरसगावचा वाटा सुमारे १२.८, पानशेतचा १०.६, टेमघरचा ३.७ आणि खडकवासल्याचा केवळ २ टीएमसीच्या आसपास आहे. पदभ्रमंती करणाऱ्याने ही विषमता लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. वरची तिन्ही धरणे भरली की त्यांचे सर्व पाणी सर्वांत लहान अशा खडकवासल्यात येते. तेथे ते साठवून ठेवणे शक्य नसते. ३५ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर या वेगाने विसर्ग झाल्यास खडकवासल्याचा संपूर्ण साठा सोळा तासांच्या आत रिकामा होईल, आणि वरून त्याच वेगाने पाणी येत राहिल्यास त्याची पातळी उतरणारही नाही. जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात विसर्ग याच पातळीला पोहोचला. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तर त्याच पावसात डेक्कनजवळील पुलाची वाडी येथे विजेचा धक्का बसून तीन तरुणांचा मृत्यू झाला.

पानशेतचा पूर

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. धरणाचे काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले होते आणि पाणी सोडण्याच्या मोरीची व्यवस्था पूर्ण झालेली नव्हती. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून आदल्या रात्रीपासून बांध तगवला. त्यामुळे धरण अंधारात न फुटता दिवसाउजेडी फुटले आणि पुष्कळ प्राण वाचले. पाण्याचा लोंढा खडकवासल्यात आल्यावर दुपारी ते दगडी धरणही भंगले. नारायण, शनिवार, कसबा या पेठा आणि डेक्कनचा परिसर पाण्याखाली गेला. घरे गमावलेल्यांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर आदी भागांत वसाहती उभ्या राहिल्या. काठाने चालताना लागणारे नदीलगतचे अनेक भाग त्या पुरानंतर नव्याने बांधलेले आहेत. पुण्यातील वडीलधारी माणसे घरातील लग्ने आणि जन्म अजूनही ‘पानशेतच्या आधीचे’ व ‘पानशेतनंतरचे’ असे सांगतात.

काळ व खबरदारी

चालण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. तेव्हा जलाशय भरलेले असतात, डोंगर हिरवे असतात आणि वरच्या खोऱ्यांत काही ओढे अद्याप वाहते असतात. भर पावसातील धबधब्यांचे आकर्षण मोठे असले तरी वरच्या डोंगरात पाऊस पडून खाली अचानक लोंढा येणे ही सह्याद्रीतील नित्याची बाब आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळा येथे जुना लोखंडी पूल कोसळून जीवितहानी झाली. पावसाळ्यात जिल्हाधिकारी कार्यालय धरणे व धबधब्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश काढते. निघण्यापूर्वी ते पाहावेत. पाटबंधारे विभाग विसर्गाची पूर्वसूचना प्रसिद्ध करतो. भोंगा ऐकू आल्यास पात्रातील सामान उचलण्यात वेळ न दवडता काठ चढावा. धरणाच्या भिंतीवर आणि सांडव्याजवळ जाण्यास मनाई आहे.

पानशेत व वरसगावच्या पुढील वाड्यावस्त्यांत दुकाने विरळ आहेत, म्हणून पिण्याचे पाणी व शिदोरी सोबत असावी. खडकवासला आणि पानशेतला पुण्याहून बस मिळते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे.