प्रस्तावना : मांडवात कोण, मांडवाबाहेर कोण

दिवाळी सरते, धान कापून होतो आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री नाटक लागते, ते पहाटेपर्यंत चालते. ही झाडीपट्टी रंगभूमी. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही तिची पेठ. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे, आणि गावोगावची मंडळे नाटक ठरवायला येतात तीही तिथेच. मंडईला लेकी माहेरी येतात, घरे पाहुण्यांनी भरतात, सोयरिकीची बोलणी निघतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

करमणूक झाली हे उघडच आहे. पण मंडळ उभे करणे, पैसा जमवणे, मांडव घालणे, हिशेब देणे, यातून गाव काय शिकते? कलासहभागाचा अभ्यास इथून सुरू होतो. इटलीतल्या प्रादेशिक सरकारांचा अभ्यास करताना रॉबर्ट पुटनम यांना दिसले, की गायनमंडळांसारख्या संस्थांचे जाळे जिथे दाट, तिथे सरकारी कारभारही बरा (१९९३). गाण्यामुळे कारभार सुधारला, की सुधारलेल्या गावाला गाणे सुचले, हा वाद अजून चालूच आहे.

ब्रिटनमध्ये फ्रान्स्वा मातारासो यांनी १९९७ साली कलासहभागाचे पन्नास सामाजिक परिणाम मांडले: आत्मविश्वास, मैत्री, नवी कौशल्ये. धोरणकर्त्यांना यादी आवडली. याद्या त्यांना आवडतातच. २००२ मध्ये पाओला मेर्ली यांनी तिच्यावर हत्यार उपसले. पुरावा कच्चा आहे, हा एक आक्षेप. दुसरा अधिक बोचरा: गरिबीची कारणे जागच्या जागी ठेवून गरिबांना गुण्यागोविंदाने नांदायला शिकवणे, हा कसला विकास?

मराठी वाचकाला हा आक्षेप परका वाटू नये. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे गाव एकजीव करायला निघाले नव्हते. गावाचे वाटे कसे पडलेत ते गावालाच दाखवायला निघाले होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी काढलेले लाल बावटा कलापथकही त्याच जातीचे. म्हणून ‘सलोखा वाढला’ एवढाच निष्कर्ष काढणारा अभ्यास मला अर्धवट वाटतो. आपली, अभ्यासकांची, मुलाखतींची पद्धतही या अर्धवटपणाला हातभार लावते. आपण विचारतो ते मांडवात बसलेल्यांना. मंडळात ज्यांना कधी घेतलेच नाही, किंवा जे भांडून बाहेर पडले, त्यांच्या दारी क्वचितच कोणी जाते.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. प्रश्नावली घेऊन निघण्याआधी एक नाटक शेवटपर्यंत बसून पाहा. दुसऱ्या दिवशी मंडळाची हिशेबाची वही मागा आणि तिच्यात कोणत्या आळीची नावे नाहीत ते आधी बघा. थंडीचे दिवस असतात. जाताना चादर न्या.