गुणवत्तेची रेघ कोण हलवतो?

गुणवत्ता आपल्याकडे सोवळ्यात ठेवली जाते. आरक्षणाचा स्पर्श झाला की ती बाटते, असे मानणारा मोठा सुशिक्षित वर्ग या देशात आहे. वैद्यक आणि दंतवैद्यकाच्या प्रवेशाचा विषय निघाला की या वर्गाचा आवाज विशेष चढतो. परंतु या प्रवेशांचा इतिहास उलगडून पाहिला, तर गुणवत्ता ही माणसांनी आखलेली रेघ आहे आणि ती वेळोवेळी माणसांनीच पुढे-मागे सरकवली आहे, असे दिसते. ती कोणासाठी सरकली, हा खरा प्रश्न आहे.

प्रारंभ १९५१ पासून करू. मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या दर १४ जागा जातवार वाटल्या जात. ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, ‘हरिजनां’ना २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती मिळून १ आणि मुसलमानांना १. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने त्याविरुद्ध दाद मागितली. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. त्यांनी प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जच केलेला नव्हता, ही गोष्ट निकालपत्रातच नोंदलेली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ (४) आले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते व संसदेत त्यांनी या दुरुस्तीचे समर्थन केले. आज आपली मुले ज्या बाकावर बसतात, त्याचा पाया हा आहे.

दुसरा प्रसंग फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालयांतल्या पदवीच्या १५ टक्के जागा ‘अखिल भारतीय कोटा’ म्हणून बाजूला काढण्यात आल्या. त्यासाठी देशभर एकच परीक्षा सुरू झाली. या जागांवर २००७ पर्यंत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नव्हते. इतर मागासवर्गीयांना तर ते २०२१ मध्ये मिळाले. म्हणजे मंडलच्या नावाने रस्त्यावर गदारोळ चालू होता तेव्हा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, या देशात शासकीय जागांचा एक संपूर्ण कोटा आरक्षणाशिवाय भरला जात होता. आरक्षणाने देश बुडाला म्हणणाऱ्यांनी या एकवीस वर्षांचा हिशोब कधी मांडलेला नाही. आपणही तो मागितला नाही.

रेघ हलली की तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. २०१३ साली ‘नीट’ आली. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेतला. मे महिन्यात वटहुकूम निघून राज्यांना एका वर्षाची सूट मिळाली. ज्या घरात पैसा आहे तिथे अशा वेळी शिकवणी बदलते. ज्या घरात तो नाही तिथे वर्ष जाते. तामिळनाडूने प्रवेशपरीक्षा कायद्याने बंद करून बारावीच्या गुणांवर प्रवेश ठेवले होते. ‘नीट’ने तीही वाट बंद केली. अरियलूर जिल्ह्यातल्या अनिता या दलित मुलीला बारावीला १२०० पैकी १,१७६ गुण होते. बाप हमाली करणारा. तिने सर्वोच्च न्यायालयात आपले म्हणणे मांडले, ते फळाला आले नाही आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने आपले जीवन संपवले. बारा वर्षांच्या शाळेपेक्षा एका दुपारचा कागद मोठा ठरला.

मी इतिहास शिकवतो. विज्ञान शाखेची मुले माझ्याकडे येतात ती अभ्यासासाठी नव्हे, कागदपत्रांसाठी. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, एवढी परीक्षा सर्वांना सारखी. पण आमच्या मुलाची आणखी एक परीक्षा असते, ती म्हणजे जात पडताळणी. अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेच्या दाखल्यावर नोंद कुठून यायची? ज्या व्यवस्थेने आजोबाला शाळेबाहेर ठेवले, तीच आज नातवाकडे आजोबाचा शाळेचा दाखला मागते. लातूरच्या शिकवणीत बसलेला मुलगा सराव परीक्षा देत असतो, त्याच आठवड्यात आमचा मुलगा बापाबरोबर तहसील कचेरीत जुने दप्तर शोधत उभा असतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. ही धावपळ मला ऐकीव नाही.

आणि ही परीक्षा मोजते तरी काय? दंतवैद्याचे निम्मे काम हाताचे. बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षी मुलांना मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. प्रवेशाच्या वेळी मात्र हाताबद्दल एक प्रश्न नसतो. अमेरिकेत १९५० पासून दंतवैद्यकाची देशव्यापी प्रवेशपरीक्षा आहे. तिच्यात सुरुवातीची बरीच वर्षे उमेदवाराला खडू कोरून दाखवावा लागे. पुढे तो भाग काढून त्या जागी कागदी चाचणी आली. काय मोजायचे आणि काय सोडायचे हे कुणीतरी ठरवते, एवढाच याचा अर्थ. चामडे, लाकूड, माती, धातू यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हातांचे कसब इथल्या कुठल्याही गुणपत्रिकेत कधी धरले गेले नाही.

आता सर्वांत बोलका प्रसंग. ‘नीट’मध्ये खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षेला बसलेल्या निम्म्यांच्या वर असणे. राखीव गटांची ४०. या दहाच्या फरकावरून आमच्या मुलांना वर्गात, वसतिगृहात, खाणावळीत काय ऐकावे लागते ते सर्वांना माहीत आहे. २०२०-२१ या वर्षी देशात बी.डी.एस.च्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षासाठी पात्रता सर्वच गटांना १० पर्सेंटाइलने खाली आणली. खुल्या गटाची रेघ ४० वर आली, म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत जिच्यावरून आमची टवाळी होत होती नेमकी तिथे. त्याच निकालात खासगी दंत महाविद्यालयांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही न्यायालयाने म्हटले. जागा का रिकाम्या राहतात, हे न्यायालयालाही दिसत होते. आदल्या वर्षीही पात्रता अशीच खाली आणलेली होती.

न्यायालयाचा हा आदेश मला चुकीचा वाटत नाही. दाताच्या दुखण्याने तालुक्याच्या गावी हेलपाटे घालणाऱ्यांच्या देशात दंतवैद्यकाच्या जागा ओस पडू नयेत. माझे म्हणणे इतकेच, की त्या दिवशी गुणवत्ता बाटल्याची ओरड मी ऐकली नाही. मोर्चा निघाला नाही, कुणी रस्त्यावर बूटपॉलिश करून निषेध केला नाही. संस्थाचालकाच्या रिकाम्या बाकासाठी रेघ खाली आली तर तो व्यवहार, आणि शेतमजुराच्या मुलीसाठी आली तर तो अधर्म!

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी दोन कामे आजच हाती घ्यावीत. मूल दहावीत असतानाच त्याच्या पडताळणीची कागदपत्रे जमवायला लागावे, म्हणजे बारावीचे वर्ष त्याला अभ्यासाला मिळेल. आणि १९५१, १९८६, २००७, २०२१ ही चार वर्षे त्याला जीवशास्त्राइतकीच पाठ असावीत. दंत महाविद्यालयाच्या पहिल्याच दिवशी कुणी त्याला पर्सेंटाइल विचारील. तेव्हा त्याने मान खाली घालू नये. उलट विचारावे की २०२१ साली रेघ कुणी हलवली, आणि कुणासाठी?