डोकावण्याची सोय : संगणकाच्या निदानसाधनांचा मागोवा

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत एडसॅक या संगणकाने आपला पहिला प्रोग्राम यशस्वीपणे चालवला आणि वर्गसंख्यांचा तक्ता टेलिप्रिंटरवर छापून दिला. सुमारे ३,००० व्हॉल्व्ह, पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची स्मृती आणि एका वेळी एकच वापरकर्ता, असा तो कारभार होता. आपण या मागोव्याची सुरुवात तिथून करू, कारण यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये तेव्हा काहीही नव्हते. स्मृतीत काय चालले आहे ते कॅथोड नळ्यांच्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसे, आणि यंत्र कुठे अडकले ते पाहायला त्याच्यासमोर उभे राहिले की पुरे. मात्र असे उभे राहून एकेक पाऊल तपासणे महागात पडू लागले, कारण यंत्राच्या प्रत्येक मिनिटासाठी रांग लागलेली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांच्या गटातील स्टॅन्ली गिल या तरुणाने यावर उपाय शोधला आणि १९५१ साली रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये एडसॅकवरील प्रोग्राममधल्या चुकांच्या निदानाविषयी निबंध लिहिला. त्याने सांगितलेल्या युक्त्या आजही ओळखीच्या वाटतात. एक म्हणजे चालणाऱ्या प्रत्येक आज्ञेचे अक्षर छापत जाणारा माग-प्रोग्राम. दुसरी म्हणजे प्रोग्राम कोसळल्यावर स्मृतीतील मजकूर छापून देणारा पोस्टमॉर्टेम प्रोग्राम. पहिली युक्ती सगळे दाखवी, पण यंत्राला टेलिप्रिंटरच्या गतीवर आणून ठेवी. दुसरीने गती अडत नसे, पण ती घटना घडून गेल्यावरच बोले. पाहण्याची किंमत आणि पाहण्याची वेळ, हे दोन प्रश्न तेव्हापासून या विद्येच्या मागे लागले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : एडसॅकच्या कागदी फितींच्या संग्रहात ही निदानसाधने इतर उपप्रोग्रामांबरोबर आधीपासून तयार ठेवलेली असत.

पुढच्या पंधरा वर्षांत यंत्र एकाचे राहिले नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत करून दाखवली आणि कालविभाजनाचे युग सुरू झाले. आता यंत्र मंद का झाले याला दोन उत्तरे संभवू लागली : माझ्या कामामुळे, किंवा दुसऱ्याच्या. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून उभारलेल्या मल्टिक्स या प्रणालीच्या रचनाकारांनी हा प्रश्न मुळातच गंभीरपणे घेतला. जेरोम सॉल्टझर आणि जॉन गिंटेल यांचा मल्टिक्सच्या मोजमापाविषयीचा निबंध ऑगस्ट १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. मोजणारे काउंटर प्रणालीच्या गाभ्यात विणलेले असावेत, मागाहून चिकटवलेले नसावेत, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. पुढच्याच वर्षी डोनाल्ड नूथ यांनी प्रत्यक्ष वापरातले फोरट्रान प्रोग्राम तपासले आणि प्रोग्रामच्या ४ टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ जातो, असे दाखवून दिले. त्यामुळे मंदपणाविषयीचे तर्क मागे पडले आणि मोजणीला मान मिळाला.

याच काळात व्हर्च्युअल मशीनचाही जन्म झाला. क्लाउडची कल्पना एकविसाव्या शतकाची असे आपण समजतो, परंतु आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीसी आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले होते, आणि १९६७ पर्यंत ती रुळली होती. एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे, आणि प्रत्येक वापरकर्त्याला वाटावे की अख्खा संगणक आपलाच आहे. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने याच वंशातली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्या रचनाकारांनी एक प्रामाणिकपणा पाळला होता. वापरकर्त्याने वेळ विचारली की दोन आकडे वेगळे छापून येत : त्याच्या आभासी यंत्राने स्वतः वापरलेला प्रोसेसरचा वेळ, आणि नियंत्रक प्रोग्रामने त्याच्यासाठी केलेला खर्च धरून एकूण वेळ. 'इंडिकेट' नावाची आज्ञा तर साध्या वापरकर्त्यालाही संपूर्ण यंत्रावरचा भार सांगे. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राच्या अटी सूत्रबद्ध केल्या. वर्तन खऱ्या यंत्रासारखे हवे, साधनांवर ताबा नियंत्रकाचा हवा, आणि बहुसंख्य आज्ञा थेट प्रोसेसरवर चालून कार्यक्षमता टिकायला हवी. यातली दुसरी अट आपल्या कथेची गुरुकिल्ली आहे. ताबा नियंत्रकाचा असला, की नेमके काय चालले आहे हे पाहण्याचा अधिकारही त्याच्याच हाती जातो. आत बसलेल्याला त्यातले जेवढे दाखवले जाईल तेवढेच दिसते.

युनिक्सच्या जगात निदानसाधने सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली. जुलै १९७३ मधल्या आर्पानेटवरील टेनेक्स यंत्रांच्या लोड अ‍ॅव्हरेजचे (म्हणजे रांगेतल्या कामांच्या सरासरी संख्येचे) टिपण त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. तीच कल्पना युनिक्सने उचलली आणि आजही सर्व्हर सांभाळणारा माणूस आधी तेच आकडे पाहतो. बर्कलेच्या युनिक्समध्ये आभासी स्मृती आली आणि तिच्या पाठोपाठ व्हीएमस्टॅट, डिस्कसाठी आयओस्टॅट, एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये दिवसभराच्या नोंदी साठवणारे सार. १९८२ मध्ये सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅक्युसिक यांनी बर्कलेत प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारे जीप्रॉफ लिहिले. १९८४ मध्ये राइस विद्यापीठात शिकणाऱ्या विल्यम लफेव्हर यांनी व्हीएमएस प्रणालीतल्या अशाच एका पडद्यावरून स्फूर्ती घेऊन टॉप हा छोटा प्रोग्राम तयार केला. सर्वांत जास्त प्रोसेसर कोण खातो आहे, एवढेच तो वरून खाली मांडून दाखवतो, आणि चाळीस वर्षांनंतरही त्याची जागा कोणी घेतलेली नाही. नेटवर्कसाठी लॉरेन्स बर्कले लॅबमध्ये व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प लिहिले. त्याच्या पोटात त्यांनी एक लहानसे यंत्र बसवले होते. हवी ती पॅकेट निवडण्याचा नियम ते कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतच चालवी. १९९३ च्या युझनिक्स परिषदेत बीपीएफ या नावाने मांडले गेलेले हे यंत्र दोन दशके फारसे कोणाच्या नजरेत न येता काम करत राहिले.

विंडोजच्या बाजूला कथा थोडी निराळी घडली. १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर परफॉर्मन्स मॉनिटर आला, पण खोलवर पाहणारी साधने बाहेरच्या दोघांनी लिहिली. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी १९९६ पासून फुकट वाटलेली ती साधने पुढे सिसइंटर्नल्स म्हणून प्रसिद्ध झाली. कंपनीने जे दाखवले नव्हते ते त्यांतून दिसू लागले, आणि जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती आपल्यात सामील करून घेतली. रुसिनोविच पुढे मायक्रोसॉफ्टच्याच अ‍ॅझूर या क्लाउडचे मुख्य तंत्रज्ञ झाले. दरम्यान सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ब्रायन कँट्रिल, माइक शपीरो आणि अ‍ॅडम लेव्हन्थल यांनी एडसॅकच्या काळापासूनचा पाहण्याच्या किमतीचा प्रश्न सोडवून दाखवला. २००५ च्या सोलारिस १० मधले त्यांचे डीट्रेस हे माग काढणारे साधन चालू सर्व्हरवर निर्धोकपणे वापरता येई, आणि बंद असताना त्याचा भार जवळपास शून्य असे.

आता वाट पुन्हा आभासी यंत्राकडे वळते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने हे तंत्र साध्या इंटेल संगणकावर आणले. २००३ मध्ये झेन हा हायपरव्हायझर, म्हणजे आभासी यंत्रांचा नियंत्रक, पुढे आला. तो ज्या केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत घडला, ती म्हणजे एडसॅकचेच जुने घर. १९७० मध्ये फक्त नाव बदलले होते. २५ ऑगस्ट २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने झेनच्या पायावर ईसी२ ही सेवा चाचणीसाठी खुली केली आणि तासाला १० सेंट भाड्याने संगणक मिळू लागला. भाड्याच्या यंत्राचा मंदपणा नव्या जातीचा होता. वाड्यात टाकी एक आणि बिऱ्हाडे दहा असली, की आपला नळ करंगळीएवढा का वाहतो याचे उत्तर आपल्या खोलीत सापडत नाही. लिनक्समध्ये या उत्तराची जागा मात्र आधीच तयार होती. मार्च २००५ च्या २.६.११ या आवृत्तीत 'स्टील' नावाचा नवा आकडा आला होता : आभासी प्रोसेसर काम करायला तयार होता, पण हायपरव्हायझरने तो वेळ दुसऱ्याला दिला. हा आकडा आयबीएमच्या मेनफ्रेमवर लिनक्स चालवणाऱ्यांच्या कामातून आला. व्हीएम/३७० च्या वारसदारांना ही गरज फार पूर्वीच कळली होती. ईसी२ अवतरले तेव्हा तिची खूण लिनक्समध्ये दीड वर्षापासून हजर होती.

यानंतर मंदपणाचे स्वरूपच बदलले. पूर्वी यंत्र मंद असे ते ताण पडल्यामुळे. क्लाउडमध्ये ते करारामुळेही मंद होऊ लागले. जुलै २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने आणलेल्या टी२ जातीतले तेव्हाचे सर्वांत धाकटे यंत्र घ्या. त्याला प्रोसेसरचा सलग १० टक्के वापरच हक्काचा. त्यापुढे साठवलेली क्रेडिट खर्च होतात आणि ती संपली की गती खाली येते. अ‍ॅझूरवरचे उदाहरण आणखी बोलके आहे. पी३० या डिस्कला ५,००० आयओपीएसची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वाचन-लेखन क्रियांची, मुभा असते, परंतु ती डी२एस व्ही३ या आकाराच्या यंत्राला जोडली, तर यंत्राची स्वतःची, कॅशविना, ३,२०० ची मर्यादा आडवी येते. महागडी डिस्क घेऊनही डेटाबेस रेंगाळतो. यात डिस्क ठीक असते, प्रोसेसर ठीक असतो, प्रोग्रामही ठीक असतो. अडसर करारपत्रातल्या एका ओळीचा असतो. ही ओळ यंत्राच्या आतल्या साधनांना दिसत नाही. उलट बाहेरून पाहणाऱ्या सेवादात्यालाही सगळे दिसते असे नाही. अ‍ॅमेझॉनची २००९ पासूनची क्लाउडवॉच सेवा प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्कचे आकडे आपोआप देते, पण आतली मेमरी किती भरली आहे ते सांगण्यासाठी यंत्रात एजंट इन्स्टॉल करावाच लागतो.

अशा रीतीने आतली नजर आणि बाहेरची नजर यांची सांगड घालणे आवश्यक झाले, आणि आज आपण ज्याला क्लाउडवरील निदानसाधन बसवणे म्हणतो ते काम जन्माला आले. अ‍ॅझूरमध्ये याची वाट पोर्टलवरून जाते. यंत्रात आधीच असलेला व्हीएम एजंट परफॉर्मन्स डायग्नोस्टिक्स नावाचे एक्स्टेन्शन उतरवून घेतो. ते परफइनसाइट्स हे साधन चालवते, परफॉर्मन्स काउंटर आणि लॉग गोळा करते, ठाऊक असलेल्या चुकीच्या मांडण्या तपासते आणि आपल्या स्टोरेज अकाउंटमध्ये अहवाल ठेवते. गरजेपुरती तपासणी आणि सतत चालणारी तपासणी, असे त्याचे दोन प्रकार आहेत. पोस्टमॉर्टेम की माग, ही गिलची जुनी निवड इथे वेगळ्या वेशात भेटते. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतातली डेटा सेंटर सुरू केली आणि त्यांतले मध्य भारत विभागाचे केंद्र पुण्यात आले. त्यामुळे आज पुण्यातले कितीतरी अभियंते हे एक्स्टेन्शन ज्या यंत्रात बसवतात, ते यंत्र त्यांच्याच शहरात असते. पण एडसॅकसमोर उभ्या राहणाऱ्यासारखे त्याच्यासमोर त्यांना कधीच उभे राहता येत नाही.

लिनक्सच्या बाजूलाही याच सुमारास मोठे वळण आले. डिसेंबर २०१४ च्या ३.१८ या आवृत्तीत अ‍ॅलेक्सी स्टारोवोइटोव्ह यांनी विस्तारलेले बीपीएफ वापरकर्त्यांसाठी खुले झाले, आणि पॅकेट निवडणारे ते जुने लहान यंत्र कर्नलमध्ये जवळजवळ कुठेही डोकावू लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये नेटफ्लिक्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी पहिल्या ६० सेकंदांत चालवायच्या दहा आज्ञांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतल्या मोजक्या सोडल्या तर बाकीच्यांचे कूळ बर्कले किंवा सिस्टिम फाइव्हपर्यंत जाते. परंतु एक अडचण त्या यादीतच दडलेली होती. क्लाउडमधल्या यंत्रांच्या मूळ प्रतिमा (इमेज) लहान आणि सुरक्षित ठेवण्याच्या नादात ही साधनेच त्यांतून गळू लागली होती. सार, आयओस्टॅट आणि एमपीस्टॅट ज्या सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतात ते अनेक यंत्रांवर नसेच. डेबियन आणि उबुंटूवर ते इन्स्टॉल केले, तरी नोंदी गोळा करण्याचे काम सेटिंग बदलल्याशिवाय सुरू होत नसे. ऐन संकटात डिस्क भरलेली, नेटवर्क अडलेले, आणि तेव्हा पॅकेज उतरवायला बसायचे, अशी ही गत. मार्च २०२४ मध्ये ग्रेग यांनी संकटकाळच्या साधनांची यादी देऊन ती प्रत्येक सर्व्हरवर आधीच असावीत असा आग्रह धरला. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या उबुंटू २४.०४ ने प्रोग्राममधल्या कॉलची साखळी वाचायला लागणारे फ्रेम पॉइंटर मुळातच सुरू ठेवले आणि निदानाची मूळ साधने प्रणालीबरोबरच दिली.

म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा प्रवास करून आपण मोजणी मागाहून चिकटवू नये या सॉल्टझर आणि गिंटेल यांच्या विचारापाशीच आलो आहोत. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जेव्हा जेव्हा नवा थर आला, तेव्हा पाहण्याची सोय हरवली आणि ती पुन्हा मिळवायला काही वर्षे लागली. ज्यांनी ती रचनेतच ठेवली त्यांना ती वेळेवर सापडली. ज्यांनी ती पुढे ढकलली त्यांना ती सर्वांत वाईट घटकेला शोधावी लागली. म्हणून ज्यांच्या हाती आज एखादे व्हर्च्युअल मशीन आहे त्यांनी ते धडधाकट असतानाच तीन कामे उरकावीत : सिसस्टॅट बसवून त्याची नोंद सुरू झाल्याची खात्री करावी, सेवादात्याचे निदान एक्स्टेन्शन एकदा चालवून निरोगी अवस्थेतला अहवाल जपून ठेवावा, आणि यंत्राच्या व डिस्कच्या मर्यादांचे आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत. तुलनेसाठी कालचा आकडा हाताशी नसेल, तर आजच्या आकड्यावरून निदान करता येत नाही.